बिनखाड्याचे रोजे

अल्लानं रावेयाला दाढी दिली आणि तिच्या नवऱ्याला दिली नाही, यात त्याचा काय विचार होता ते तोच जाणे. लुत्फीच्या गालावर तीन ठिकाणी केस उगवायचे, तेही एकमेकांशी भांडण झाल्यासारखे लांब लांब. रावेयाच्या हनुवटीवर मात्र दोन दिवसांआड नवं पीक. पहाटेची अजान झाली की ती स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, साखरेच्या पाकाची कोमट गोळी हनुवटीवर थापायची आणि ‘बिस्मिल्ला’ म्हणून खसकन ओढायची. मग हातपाय धुऊन, वजू करून नमाजाला उभी राहायची. आरशात बघितलं नाही तरी चालेल, पण देवापुढे बाईनं बाईसारखं जावं, असं तिचं मत.

हा पाक तिचा धंदाही होता. साखर, लिंबू, पाणी. मंद आचेवर मधाचा रंग येईस्तोवर आटवायचं, की झालं. नाईलकाठचं दुमयात शहर फर्निचरसाठी प्रसिद्ध. तिथल्या गल्ल्यांत लाकडाचा भुसा इतका उडतो की भाकरीवरही सापडतो. पुरुष दिवसभर लाकूड तासतात, आणि रावेया म्हणायची, बायकांना तासायला मी आहे. नवऱ्या मुली यायच्या, बाळंतिणी यायच्या, ईदच्या आधी तर जिन्यात रांग लागायची. पाय पुढे करून गल्लीतल्या बायका जे बोलायच्या, ते त्या आपल्या आईजवळही बोलत नसत. रावेया ऐकायची आणि ओढायची. एखादी किंचाळली की म्हणायची, "ओरडू नकोस, नवरा समजेल मी तुला सुधारतेय."

स्वतःचं मात्र ती कुणाजवळ बोलत नसे. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पाळी दूरच्या आत्येसारखी: चार-चार महिने पत्ता नाही, आणि आली की न सांगता येऊन मुक्काम ठोकणार. कंबर दर ईदला एक शिवण उसवत होती. मानेवर मागच्या बाजूला काळपट मखमलीसारखा पट्टा आला होता. तो तिनं लिंबानं घासला, काथ्यानं घासला, एकदा तर भांडी घासायच्या पुडीनंही घासून पाहिला. मान लाल झाली, पट्टा होता तिथेच. जेवल्यावर अशी गुंगी यायची की एकदा गिऱ्हाइकाच्या पायाला पाक लावून ती बसल्या जागी घोरायला लागली. पाक वाळून कडक झाला आणि त्या बाईनं आठ दिवस लंगडत तिचं नाव घेतलं.

तेव्हा रमजान महिना यायच्या थोडं आधी ती, आईकडे जाते सांगून, डॉक्टर मिरवत यांच्या दवाखान्यात गेली.

"शेवटची पाळी कधी आली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"थंडी होती."

"कुठली थंडी?"

रावेयानं विचार केला. "संत्री आली होती बाजारात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रक्त तपासलं, पोटावर यंत्र फिरवलं, पोटात बाळ नाही याची खात्री केली, आणि मग समोर बसवून सांगितलं. आजाराचं नाव पीसीओएस. अंडाशयात बीजं पिकतच नाहीत, अर्धीकच्ची राहून मण्यांसारखी ओळीनं बसतात. "पण खरी गंमत पोटाखाली नाही, रक्तात आहे," बाई म्हणाल्या. "साखर आत घ्या, असं इन्सुलिन शरीराला सांगतं. तुझं शरीर ऐकतच नाही. मग ते जास्त जोरात दार ठोठावतं. तरी आत ढिम्म. मग अजून जोरात."

"म्हणजे माझी सासू," रावेया म्हणाली.

"तसंच समज. आणि तिच्या त्या आरडाओरड्यानं सगळं घर बिघडतं. पाळी थांबते, हनुवटीवर केस येतात, पोटावर चरबी बसते, मान काळी पडते. तुझ्या यकृतावर चरबी आहे. रक्तातली साखर अगदी काठावर आहे. मधुमेह झालेला नाही, पण तू उंबऱ्यावर उभी राहून आत डोकावते आहेस."

रावेयाला हसू आलं आणि रडूही. इतकी वर्षं ती साखर खात होती म्हणून केस फोफावत होते, आणि ते केस काढायलाही साखरच उकळत होती! साखर कारखान्यानं तिला सोन्याचं पदक द्यायला हवं होतं.

"रोजे ठेवू?"

"ठेव. पण दिवसा रोजा आणि सूर्य बुडाला की लग्नाची पंगत, हे बंद. गोड नाही, पाव अर्धा, जेवणानंतर चालायचं. ही गोळी जेवणाबरोबर. पोट जरा ढवळेल, सवय होईल. आणि ह्या दुसऱ्या गोळ्या दहा दिवस, रमजान अर्धा झाला की सुरू कर. संपल्या की थोड्या दिवसांत पाळी येईल."

"आणि मूल?"

"होईलही. आधी घर आवर, मग पाहुणा बोलाव."

घरी येऊन रावेयानं गोळ्या वाटाण्याच्या डब्यात लपवल्या. ती भित्री होती म्हणून नव्हे. मागच्या गल्लीतली नजाह तिला ठाऊक होती. नजाहनं एकदा भोळेपणानं सांगितलं, माझ्या अंडाशयावर गाठी आहेत म्हणे. झालं. ‘गाठी’ हा शब्द गल्लीत फिरता फिरता असा फुगला की वर्षाच्या आत नजाह माहेरी आणि तिच्या पलंगावर दुसरी. रावेयाला लुत्फी आवडायचा. त्याच्या तीन ठिकाणच्या दाढीसकट आवडायचा. त्याला एका शब्दापायी गमवायची तिची तयारी नव्हती.

रमजानात सगळं घर तळमजल्यावर जेवायचं. तिथे सासूचं राज्य. सासूचं नाव तफीदा, पण हज करून आल्यापासून सगळे तिला हाजा म्हणत; नुसतं तफीदा म्हटलेलं तिला ऐकू येत नसे. दुसऱ्या मजल्यावर मोठी जाऊ नवाल आणि तिची चार पोरं, तिसऱ्यावर रावेया. दुपारपासून तिघी हाजाच्या चुलीपाशी. आता रोजा असताना रस्सा चाखायचा कसा? तर जिची पाळी असेल, तिला त्या दिवसांत रोज्याची सुट्टी. ती मिठाची चव घ्यायची. जगभरच्या मुसलमान बायका हेच करतात, आणि कुठल्या घरात कधी कोणाला सुट्टी आहे हे बायकांना रश्श्यावरून कळतं. हाजाची सुट्टी केव्हाच कायमची संपली होती. नवालनं पहिल्या आठवड्यात चमचा चाटला. रावेयानं चाटला नाही. दुसरा आठवडा गेला, तिनं चाटला नाही.

हाजा बघत होती. चाळीस वर्षं सासू-सुनांच्या राजकारणात घालवलेली बाई. तिच्या नजरेतून माशी सुटत नसे. तिनं बेरीज केली. बिनखाड्याचे रोजे. पोट पुढे आलेलं. इफ्तार झाली की पोरगी तोंडाला ओढणी लावून न्हाणीघराकडे पळते. (ती गोळीची करामत होती. डॉक्टरीणबाईंनी ‘पोट जरा ढवळेल’ म्हटलं होतं. हे म्हणजे नाईलला पूर येईल म्हणण्याऐवजी जरा ओल येईल म्हणण्यासारखं झालं.) आणि कुनाफ्याचं ताट समोर आलं की मान फिरवते. कुनाफा! तुपात भाजलेल्या, पाकात न्हालेल्या शेवया! शुद्धीवर असलेली कुठली बाई त्याला नाही म्हणते? बाळाला सोसत नसणार.

एकच गोष्ट हाजानं केली नाही: विचारलं नाही. नव्या गर्भाविषयी कोणी विचारत नाही. शब्द तोंडातून निघाला की दृष्ट लागते, हे दुमयातचं दूधपितं पोरही सांगेल. सांगणारी सांगत नाही, विचारणारी विचारत नाही, आणि नऊ महिने सगळे छताकडे बघून ‘अल्ला सुखरूप पार पाडो’ म्हणत राहतात.

रावेयाला आधी वाटलं, रमजानचा परिणाम आहे, घरात माणुसकी आली. नवाल तिच्या हातातून बादली घ्यायला लागली. "दे गं, तू बस." हाजा आपल्या हातानं तिच्या ताटात बदकाची मांडी वाढायला लागली. ही मांडी आजवर लुत्फीच्या वडलांचीच मानली गेली होती, आणि ते वारल्यावर हाजा ती मान म्हणून स्वतः खायची. मग एका संध्याकाळी हाजानं कागदाची बाहुली कातरली, सुईनं टोचायला सुरुवात केली, आणि एकेक टोच्याला एकेक शेजारणीचं नाव. "उम्मे वजदीच्या डोळ्यात, तिच्या बहिणीच्या डोळ्यात, ती जिन्यात उभी राहून बघते तिच्या डोळ्यात…" बाहुली जाळली आणि राख रावेयाच्या कपाळाला लावली.

तेव्हा रावेयाला सगळं लख्ख कळलं.

त्याच क्षणी तिनं तोंड उघडायला हवं होतं. उघडलं, पण हाजानं त्यात कतायफ कोंबलं. अक्रोड भरलेलं, पाकातलं. आणि खरं सांगायचं तर फार चांगलं लागलं. सहा वर्षांत या घरात तिला कोणी पाट दिला नव्हता, आता तक्क्या देत होते. ‘वांझ’ हा शब्द कोणी तोंडावर म्हणत नसे, पण जिन्यात ऐकू येईलसा म्हणत. आता तो जिनाही चिडीचूप होता. उद्या सांगू, असं म्हणत रावेया मांडी खात राहिली, आणि वर जाऊन त्यावर डॉक्टरीणबाईंची गोळी घेत राहिली. दारातून चोर आत घ्यायचा आणि खिडकीतून पोलिसाला हाक मारायची, असा प्रकार. गुंगी परत यायला लागली. तहान लागायची, तीही रोजा सुटल्यावर. घागर रिती झाली तरी भागायची नाही. नमाजाला वाकताना ती मनात म्हणायची, या रब, मी खोटं एक अक्षर बोललेले नाही. आणि मग तिलाच वाटायचं, हा वकिली कावा वर चालेल असं दिसत नाही.

मग लुत्फीनं कहर केला. एके दुपारी तो कारखान्यातून आला तो डोक्यावर पाळणा घेऊन. बीच झाडाचं लाकूड, चारी कोपऱ्यांना कोरलेली डाळिंबं, गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. त्याची बोटं सोलली होती. तोही काही बोलला नाही. बोललं की दृष्ट. "गिऱ्हाइकाचा आहे," म्हणाला, आणि पाळणा पलंगाच्या आपल्या बाजूला ठेवून लाजला.

रावेया त्या रात्री जेवली नाही. तिला कळलं, हे आता बदकाच्या मांडीवर थांबणार नाही. खरं सांगितलं तर नजाह व्हायचं. नाही सांगितलं तर हे लोक प्रेमानं चारून चारून तिला मधुमेहाच्या घरात ढकलणार, आणि नऊ महिन्यांनी पाळण्यात काय ठेवायचं? कलिंगड?

ईदच्या दोन दिवस आधी कहक करायचा दिवस. साखर भुरभुरलेली ती बिस्किटं किलोकिलोनं होतात, म्हणून घरातल्या बायका एकत्र बसतात. शेजारची उम्मे वजदीही पोळपाट घेऊन आली होती. एकीकडे कणीक मळणं, एकीकडे चुलीवर कांदा भरलेलं बदक. दुपार कलली तेव्हा रावेयाच्या कंबरेत कळ आली. ती न्हाणीघरात गेली आणि बघतच राहिली. दूरची आत्या आली होती! पाच महिन्यांनी, दाराशी, सामानसुमानासह. न्हाणीघरात अल्लाचं नाव घेत नाहीत, म्हणून ती घाईनं बाहेर आली आणि बोळात उभी राहून तिनं ते इतक्या मनापासून घेतलं की मांजर दचकलं. पाळी आल्याचा इतका आनंद तिला तेराव्या वर्षीही झाला नव्हता.

ती स्वयंपाकघरात आली. हाजा रस्सा ढवळत होती. "मीठ कोण बघणार? नवाल, तुझं झालंय ना?"

"माझं कधीच झालं, हाजा. अंदाजानं घाला."

रावेया पुढे झाली. तिनं चमचा रश्श्यात बुडवला, फुंकर मारली, आणि रस्सा प्यायली. चाखला नाही, प्यायली. घोट खाली उतरलेला सगळ्यांना दिसला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

हाजाच्या हातातली पळी परातीत पडली. मग तिनं दोन्ही हातांनी आपले गाल बडवले. "गेलं! माझ्या लुत्फीचं पोर गेलं! उम्मे वजदी, तुझ्या डोळ्यात सुया घुसोत!"

"मी काय केलं?" उम्मे वजदी पीठभरल्या हातांनी उठली.

"काही गेलेलं नाही, हाजा," रावेया म्हणाली. "आलंय. पाच महिन्यांनी आलंय. पोर नव्हतंच कधी."

"मग ते ओकाऱ्या काढणं?"

"औषध."

"आणि हे पोट?"

"काही माझं, काही तुमच्या कतायफांचं."

नवाल फसकन हसली आणि लगेच तिला राग आला. "आणि मी बादल्या वाहिल्या त्या? माझी कंबर गेली, बये! तुला सांगता येत नव्हतं?"

"तुम्हाला विचारता येत नव्हतं?"

रावेयानं चमचा खाली ठेवला. आता निम्म्यात थांबण्यात अर्थ नव्हता. तिनं सांगितलं. बीजं पिकत नाहीत ते, साखर काठावर आहे ते, यकृतावरची चरबी, दार ठोठावणारं इन्सुलिन, सगळं. सासूची उपमा तेवढी गाळली.

"गाठी?" हाजानं विचारलं. "नजाहसारख्या?"

"नजाहलाही हेच होतं. आणि तिचा संसार यानं मोडला नाही, तुमच्या जिभांनी मोडला." एकदा सुटलेलं रावेयाचं तोंड आता थांबत नव्हतं. "या गल्लीतल्या निम्म्या हनुवट्या माझ्या हाताखालून जातात. त्यांतल्या कोणाकोणाची पाळी वेळेवर येते, ते मला ठाऊक आहे. नावं सांगणार नाही, पोटावर पाय येईल माझ्या." उम्मे वजदीचा पीठभरला हात हळूच आपल्या हनुवटीवर गेला, पांढऱ्या दाढीचा एखादा शेखच जणू. "मला हाकलायचं असेल तर हाकला. पण ईद झाल्यावर. आत्ता कहक वळायला माणूस कमी पडेल."

हाजानं तिच्याकडे पाहिलं, मग चुलीकडे. "बदक करपेल," एवढंच म्हणाली, आणि रश्श्यात मीठ घातलं.

वर लुत्फीला सांगणं जास्त कठीण गेलं. तो पाळण्याच्या कडेवर हात ठेवून ऐकत होता.

"तू बघत होतीस. मी हात सोलत होतो आणि तू बघत होतीस."

"हो."

"मला वाटलं अल्लानं ऐकलं."

रावेयाजवळ याला विनोद नव्हता.

मग त्यानं विचारलं, "मरण्याबिरण्याचं काही आहे का यात?"

"साखर वाढू दिली तर आहे. डोळे, मूत्रपिंड, हृदय. सावकाश. काळजी घेतली तर म्हातारी होऊन तुला छळीन."

"मग घे ना काळजी," तो खेकसला, पाळणा उचलला आणि खाली घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तो पाळणा कोणी तरी इस्कंदरियाचा माणूस चांगल्या भावानं घेऊन गेला. लुत्फी दोन दिवस तिच्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी चालायचे बूट आणले. एक माप मोठे, पण आणले.

ईदच्या दिवशी हाजाची थोरली बहीण आली. पहिला कहक तोंडात असतानाच तिनं भरल्या बैठकीत विषय काढला. "बातमी कळली गं, तफीदा. नशीब एकेकाचं. पण लुत्फीचं वय काय गेलं नाही. कोकिळेसारखी एक पोर आहे माझ्या पाहण्यात."

रावेया चहाचं तबक घेऊन दारात उभी होती. तिचा सहा वर्षांचा संसार त्या तबकावर होता म्हणा ना.

हाजानं सावकाश तोंड पुसलं. "आण की," ती म्हणाली. "तिची पाळी मी बघू का तू बघतेस? तिची साखर? तिची मान? हिचं निदान कागदावर आहे. तुझ्या कोकिळेच्या पोटात काय आहे ते कोकिळेलाही ठाऊक नसेल. आणि माझ्या गुडघ्यांत आता नवी सून शिकवायची ताकद नाही. ही निम्मी शिकून झालीय." मग दाराकडे वळून, "तू काय उभी आहेस खांबासारखी? चहा दे. तुझ्यात साखर घालू नकोस. आणि त्या कहकच्या ताटाकडे बघू नकोस, मी मोजलेत."

मोजले नव्हते. पण तिनं एक उचलून, फुंकून वरची साखर उडवून, रावेयाच्या हातावर ठेवला.

त्यानंतर मात्र हाजानं रावेयाचं जिणं हराम केलं. गर्भाची जेवढी काळजी घेतली होती, तेवढीच आता साखरेची. फक्त आता गुपचूप नव्हती. वाटाण्याच्या डब्यातल्या गोळ्या स्वतःच्या उशाशी नेल्या. पाव मोडून अर्धा काढून घ्यायची आणि स्वतः खायची. रावेयाचे पाळीत बुडालेले रमजानचे रोजे पुढच्या महिन्यात, शव्वालात भरायचे होते. ते ती एकटी भरायला लागली तेव्हा हाजाही सोबत उपास करायला लागली, आणि दिवसभर भुकेनं तिच्यावरच डाफरायला लागली. हनुवटीचे केस काही थांबले नाहीत. औषध सावकाश काम करतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रावेया म्हणाली, माझ्या घरात एकच गोष्ट सावकाश काम करते ती हीच.

आणि रोज दुपारच्या नमाजानंतर नाईलच्या काठानं चालणं. हाजाचे गुडघे पहिल्या बाकापर्यंतच टिकायचे. तिथे ती बूड टेकायची, कोणी विचारलं की "सुनेची साखर उतरवतेय" असं पलीकडच्या काठावरच्या कोळ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, आणि रावेयाला पुलापर्यंत पिटाळायची. एक माप मोठे बूट फटफटत रावेया निघायची. परवा तर जरा पाय उचलून वेगानं जायला लागली, तशी मागून आरोळी आली, "अगं ए, चाल म्हटलंय, पळू नकोस! पळालीस तर लोकांना वाटेल सासू मारते!"